कांदा-बेकनचें तोंडीलावणें



पेशव्यांच्या सैन्यांतील ख्रिस्तीजनांच्या उपासनेसाठीं सवाई माधवरावांनीं 1792 सालीं पुण्याच्या सिटी चर्चला जागा दिली. मीठ व शिरका यांत मांस मुरविण्याची विद्या गोमंतकीय घरांतून आपणांस परिचित आहे. तिचेंच एक सोपें रूप आज आम्ही सांगतों.

पाव किलो बेकनचे बारीक तुकडे मंद आंचेवर परतून काढून घ्यावे. सुटलेल्या चरबींत अर्धा किलो उभा चिरलेला कांदा तांबूस होईतों, सुमारें पाऊण तास, परतावा. मग दोन चमचे गूळ, अर्धी वाटी शिरका, मिरपूड व ते तुकडे घालून आटवावें. बेकन मुळांतच खारट. चाखल्यावांचून मीठ घालूं नये. घाईनें आंच वाढविली कीं कांदा करपून कडू होतो, हें आम्हीं अनुभविलें आहे. बरणी फ्रिजमध्यें ठेवून आठवड्याभरांत संपवावी. कांद्यांत ओल राहते, म्हणून शिरक्याच्या भरंवशावर ती फळीवर ठेवूं नये.

राखेच्या बुधवारीं मांस वर्ज्य. तत्पूर्वीं बरणी रिकामी व्हावी. मुलें परदेशीं गेल्यामुळें ज्या वृद्धांच्या घरीं एकच ताट वाढलें जातें, त्यांच्या दारीं तिच्यांतला अर्धा वांटा न्यावा आणि घटकाभर बसावें. आपल्या ज्युबिलीचा उत्सव त्या उंबरठ्यावर पुरा होईल.