कथा आणि ग्रंथवार्ता



साहित्याला वाहिलेले एखादे लहान मासिक हाती घ्या. पुढच्या पानांवर दोनतीन नव्या कथा असतात. अखेरीस बारीक टाइपात ग्रंथवार्ता असते: कोणते पुस्तक निघाले, पृष्ठे किती, किंमत काय आणि चारसहा ओळींचा अभिप्राय. पुष्कळजण कथा वाचून अंक मिटतात. काहीजण नुसती वार्ता चाळतात. आमचे म्हणणे असे, की ही दोन अंगे एकमेकांवाचून जगत नाहीत.

ही जोडी आपल्याकडे जुनी आहे. १८६७ मध्ये मुंबईत 'विविधज्ञानविस्तार' निघाले. त्यात रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' कादंबरी क्रमशः येऊ लागली, आणि ग्रंथपरीक्षणासाठीही त्याच मासिकाचा लौकिक झाला. 'मोचनगड' पुस्तकरूपाने आली ती १८७१ मध्ये. आधी मासिकाचा वाचक, मग पुस्तकाचा ग्राहक, असा हा क्रम आहे.

हे अंतर कधी फार मोठे असते. बडोद्याच्या 'अभिरुचि' मासिकात पु. ल. देशपांडे यांचे 'भय्या नागपूरकर' हे व्यक्तिचित्र १९४४ मध्ये आले. ते ज्यात समाविष्ट झाले ते 'व्यक्ती आणि वल्ली' १९६२ चे. अठरा वर्षे! लेखकाचे थोडेफार नाव झाल्याखेरीज प्रकाशक सहसा पैसा घालीत नाही. नाव होण्यापूर्वीची कथा छापण्याचा धोका मासिकच पत्करते. 'सत्यकथे'ने तो वर्षानुवर्षे पत्करला. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या नवकथेला आणि धारवाडला राहणाऱ्या जी. ए. कुलकर्णींच्या कथेला तेथे वाचक भेटला. तरीही १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद झाली. नुसत्या लौकिकावर मासिक चालत नाही, हाच त्याचा अर्थ.

कोणी म्हणेल, कथेचे ठीक आहे; परंतु पुस्तकाची बातमी आता हातातल्या फोनवर क्षणात येते, तिच्यासाठी महिनाभर का थांबावे? प्रश्न रास्त आहे. पण फोनवर बहुधा येते ती दवंडी. पुस्तक निघाले, हे ती सांगते. घ्यावे की न घ्यावे, हे सांगत नाही. ते सांगायला त्या लेखकाच्या कथा सुटया सुटया वाचलेला, कोणती जमली आणि कोणती फसली हे ठाऊक असलेला माणूस लागतो. असा माणूस मासिकाच्या पानांवरच तयार होतो. म्हणून कथेने वार्ता लिहिणारा घडतो, आणि वार्तेने कथासंग्रहाला गिऱ्हाईक मिळते. यातला एक दुवा तुटला की दुसरा लोंबकळत राहतो.

आता थोडे आपल्या गावाविषयी. वाचनालयात एकच अंक कित्येक हातांतून फिरतो. ही अभिमानाची गोष्ट खरी. पण मासिकाच्या वहीत त्याची नोंद एकच वर्गणीदार अशी होते. कागद, छपाई, टपाल यांचा खर्च कौतुकाने भागत नाही. एकट्याला वर्गणी जड वाटत असेल तर चार घरांनी मिळून भरावी. आणि एखादी नवी कथा आवडली, अथवा मुळीच आवडली नाही, तर संपादकास दोन ओळी अवश्य लिहाव्या. नवख्या लेखकाला मानधनाइतकाच त्या ओळींचा आधार असतो.

वर्गणी संपल्याची चिठ्ठी अंकातून आली, म्हणजे ती पुस्तकात खूण म्हणून ठेवू नये, एवढीच आमची विनंती आहे.