परसदारी आईवडिलांसाठी एक खोली

(शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोठा किती रुंद असावा, कांदाचाळीचे तोंड कोणत्या दिशेला असावे, हे आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे. आज ज्या बांधकामाविषयी बोलावयाचे आहे ते कांदाचाळीहूनही लहान आहे. घरातील वृद्ध आईवडिलांसाठी किंवा सासूसासऱ्यांसाठी परसदारी बांधावयाची एक खोली, एवढाच आजचा विषय.

ही खोली बांधण्याची पाळी का येते? मुलाने स्लॅबचे घर बांधले, पण झोपण्याच्या खोल्या माडीवर गेल्या. आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत. कोठे मुलगा शेतातल्या वस्तीवर राहावयास गेला आणि आई गावातल्या जुन्या घरात एकटी राहिली. कोठे भावांच्या वाटण्या झाल्या आणि वडील एकाकडे, आई दुसऱ्याकडे, अशा पाळ्या लागल्या. अशा घरांना परसातील स्वतंत्र खोली हा चांगला मार्ग आहे. मात्र एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. खोली वेगळी असावी, माणूस वेगळा पडता कामा नये. त्याच चार भिंती नीट बांधल्या तर आधार होतात आणि चुकीच्या जागी बांधल्या तर घराबाहेर काढल्यासारखे होते. पुढे सांगितलेली प्रत्येक सूचना या एका कसोटीवर घासून घ्यावी.

आधी त्यांना विचारा

गवंड्याला बोलावण्यापूर्वी ज्यांना राहावयाचे आहे त्यांना विचारावे. म्हातारी माणसे बहुधा "माझं काय, कुठंही पडेन" असेच म्हणतात. तेवढ्यावर थांबू नये. खाटेवर पडल्या पडल्या काय दिसावे? रात्री किती वेळा उठावे लागते? खाली बसता येते की खुर्चीसारखा संडास हवा? जेवण सर्वांबरोबर करावयाचे की स्वतःचा चहा स्वतः करावयाचा? या चार प्रश्नांच्या उत्तरांवर निम्मा नकाशा ठरतो. आमचा सल्ला असा की, झोपण्याची जागा वेगळी, पण चूल एकच ठेवावी. खोलीत चहापुरता छोटा ओटा पुरे. दोन वेळच्या जेवणाला पंगतीत एकत्र बसण्याची रीत मोडू नये.

जागेची निवड

मोठ्या घराच्या मागील दारापासून साधारण ३० ते ४० फुटांच्या आत जागा निवडावी. म्हाताऱ्या माणसाची क्षीण हाक रात्री ऐकू जाईल, एवढेच अंतर हवे. हाक पोहोचते की नाही हे फक्की मारण्यापूर्वीच प्रत्यक्ष पाहावे. पंखा चालू ठेवून, दार लावून घरात कोणाला तरी झोपवावे आणि परसातून साध्या आवाजात हाक मारावी.

गोठा आणि उकिरडा यांपासून खोली दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला असावी, म्हणजे माश्या, गोचीड व दुर्गंधी यांचा त्रास होत नाही. घरातून खोलीकडे जाणारी वाट तीन फूट रुंद, सपाट आणि खडबडीत फरशीची करावी. वाटेत उघडी गटार, पाटाची चारी किंवा जनावरांचे दावे नसावे. मोठी झाडे, विशेषतः वड व पिंपळ, खोलीला लागून नकोत. त्यांची मुळे पायात शिरतात आणि काळ्या जमिनीतील ओल शोषून भिंतींना तडे पाडतात. खोलीचे दार व एक खिडकी घराच्या अंगणाकडेच उघडावी. कोण आले, कोण गेले, नातवंडे काय करतात, हे दिसत राहिले की दिवस सरतो.

पाया, भिंती व छप्पर

काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वरवरच्या पायावर बांधलेली खोली म्हणूनच दोन-तीन वर्षांत फाटते. पाया मुरूम लागेपर्यंत खोदावा. मुरूम फार खोल असेल तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा. जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरून चोपावा. छपराचे पाणी पायाजवळ मुरू नये म्हणून चोहोबाजूंनी बाहेर उतार असलेला दोन-तीन फुटांचा कोबा करावा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने एक धडा दिला. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड धाबे झोपलेल्या माणसांवर कोसळले. पडक्या धाब्याच्या खोलीला पांढरा रंग देऊन म्हाताऱ्यांची सोय लावणे म्हणूनच धोक्याचे आहे. विटांच्या किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती बांधाव्यात. जोत्यावर आणि लिंटेलच्या पातळीवर तीन इंच जाडीचा, दोन सळ्या घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा चारही भिंतींवरून फिरवावा. खर्च थोडा वाढतो, पण भिंती एकमेकींना धरून राहतात.

छप्पर हलके असावे. मंगलोरी कौले उत्तम. पत्रा घालावयाचा असेल तर खाली बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे, पत्रा आणि छत यांमध्ये हवा खेळती राहावी आणि पत्र्याला वरून पांढरा चुना द्यावा. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्यात नुसत्या पत्र्याखाली वृद्ध माणसाला दुपारी ठेवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण होय. सिमेंटचे जुने पत्रे वापरणे टाळावे. त्यांतील अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू कापताना, फुटताना हवेत उडतात आणि फुप्फुसांना अपाय करतात.

आकार म्हणाल तर १० × १२ फुटांची खोली, पुढे ५ फूट रुंद ओसरी आणि खोलीला जोडूनच ६ × ७ फुटांची संडास-न्हाणी, एवढे एकदोन माणसांना पुरते. दार तीन फूट रुंद असावे, पुढे चाकाची खुर्ची लागली तरी ती आत जाते. उंबरठा ठेवूच नये. जोते दीड फूट असेल तर पायऱ्यांबरोबर उतारही करावा. एक फूट उंचीला १२ फूट लांबी या हिशेबाने तो १८ फूट होतो. जागा कमी असल्यास ओसरीच्या कडेने वळवून घ्यावा. पायऱ्या सहा इंचांपेक्षा उंच नसाव्यात आणि एका बाजूला कठडा असावा.

संडास व न्हाणी

या सगळ्या बांधकामात सर्वांत महत्त्वाची जागा कोणती म्हणाल, तर हीच. अंधारात, पावसात, काठी टेकत परसाच्या टोकाला जाताना म्हातारी माणसे पडतात. खुब्याचे हाड मोडले की त्यानंतर अंथरूण सुटणे कठीण होते. काही जण तर रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणी पिणेच सोडतात. म्हणून संडास खोलीला लागूनच, आतून दार असलेला हवा.

बैठक जमिनीपासून सुमारे १८ इंच उंच असावी. बाजूच्या भिंतीत, बसल्यावर हाताशी येईल अशी लोखंडी नळीची आधारदांडी काँक्रीटमध्ये पक्की बसवावी. नुसत्या स्क्रूवर ती टिकत नाही. फरशी गुळगुळीत नको. शहाबादी फरशीची खडबडीत बाजू वर ठेवावी. दार बाहेर उघडणारे असावे आणि आतली कडी बाहेरूनही उघडता यावी. आत माणूस दाराशी पडला तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

संडासासाठी दोन शोषखड्ड्यांची पद्धत चांगली. एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्यात वळवावे. पहिला किमान वर्षभर बंद ठेवला की आतील मैल्याचे खत होते. खड्डे विहिरीपासून किंवा कूपनलिकेपासून किमान ५० फूट दूर असावेत. न्हाणीचे पाणी मात्र या खड्ड्यात सोडू नये. ते शेवगा, केळी, कढीपत्ता यांच्या आळ्यांत द्यावे. खोलीसमोरच्या अशा परसबागेची देखभाल आजीआजोबा आनंदाने करतात.

वीज

विजेचे बटण खाटेवरून हाताला लागावे. संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा. गळती झाल्यास वीज आपोआप तोडणारे उपकरण आणि चांगले अर्थिंग करून घ्यावे. भारनियमन लक्षात घेऊन मोठ्या घरात वाजणारी घंटी बॅटरीवर चालणारी घ्यावी.

खोलीचे कोठार करू नका

बांधव हो, ही सूचना कळकळीची आहे. सोयाबीन निघाले, जागा नाही, "ठेवा चार दिवस आजोबांच्या खोलीत" असे म्हणत पोत्यांची थप्पी लागते आणि खाट दाराशी सरकते. मग कीटकनाशकाचे डबेही तेथेच येतात. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू निघतो. ज्या खोलीत किंवा लगतच्या खोलीत माणूस झोपतो तेथे या गोळ्या कधीही वापरू नयेत. बांधकामाच्या वेळीच ठरवून टाका की, या खोलीत एकही पोते जाणार नाही.

कागदपत्रे

जागा गावठाणात असल्यास ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. शेतात बांधावयाचे असल्यास, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील शेतघराच्या व्याख्येत खातेदाराच्या कुटुंबीयांचे राहणे धरलेले आहे. तरीही शहराच्या जवळपास नियम वेगळे असू शकतात, म्हणून तहसील कार्यालयात आधी चौकशी करावी. जमीन सामाईक असेल तर सर्व भावांची लेखी संमती घ्यावी आणि खर्च कोणी किती केला, पुढे खोली कोणाची, हेही लिहून ठेवावे. आज न लिहिलेली गोष्ट उद्या भांडणाचे कारण होते.

आता दोन शब्द येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांसाठी. मुलांच्या नावे जमीन बक्षीसपत्राने करून द्यावयाची असेल तर सांभाळ करण्याची अट त्या दस्तातच स्पष्ट लिहून घ्या. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडल्यास ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. चरितार्थासाठीचे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असते. कायद्याची पायरी चढण्याची वेळ कोणावर येऊ नये, पण माहिती असावी.

शेवटी एवढेच सांगतो. खोली पूर्ण झाली की आईवडिलांना तेथे नेण्यापूर्वी घरातील कर्त्या माणसाने स्वतः एक रात्र तेथे झोपावे. दिवा न लावता संडासापर्यंत जाऊन पाहावे. दुपारी छपराखाली तासभर पडून पाहावे. जे आपल्याला खुपेल ते दुसऱ्या दिवशी दुरुस्त करावे. ज्यांनी आपल्याला हाताला धरून बांधावरून चालवले, त्यांची वाट सपाट करणे आपल्या हाती आहे.