विकणाऱ्याचे हसू

(हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाच्या तोंडावर हसनाबादसारख्या गावात पाऊल टाकले की आधी भिंतीच बोलू लागतात. बियाण्याच्या फलकावर मिशीला पीळ देणारा शेतकरी डोक्याएवढे बोंड खांद्यावर घेऊन उभा असतो. कीटकनाशकाच्या फलकावरची अळी घाम पुसत पळत असते. ओळी यमकात असतात, मुले त्या पाठ करतात, आणि थोरांनाही हसू आवरत नाही. या हसण्याची किंमत कोण देतो आणि ती केव्हा वसूल होते, हा आजच्या चर्चेचा विषय आहे. विषय वरवर हलका वाटेल. परंतु ज्या तालुक्यात कपाशी, मका आणि मिरचीच्या एका हंगामावर घरातील लग्न, मुलांचे शिक्षण आणि सावकाराचा हप्ता अवलंबून असतो, तेथे दुकानाच्या दारावरील विनोद हलका राहत नाही.

पुरोगामी चळवळीत जाहिरातीविषयी एक सोवळेपणा आहे. जाहिरात म्हणजे भांडवलशाहीची भूल, आणि विनोदी जाहिरात म्हणजे गोड भूल, असे म्हणून विषय संपविला जातो. हे म्हणणे अर्धवट आहे. हसवून विकणे ही भांडवलशाहीने शोधून काढलेली कला नव्हे. ती आठवडी बाजाराइतकी जुनी आहे. भांडी विकणारा पातेले दगडावर आपटतो आणि म्हणतो, "सासूच्या हातून पडलं तरी पोचा यायचा नाही, मावशे!" समोरची बाई त्याच दमात उत्तर देते, "मही सासू पाह्यली नाही तू अजून." सारा घोळका हसतो, विकणाराही हसतो, आणि पातेले हातोहाती फिरते. कोणी ते वाजवून पाहते, कोणी बुडाची जाडी बोटांनी चाचपते. या व्यवहारात विनोद आहे, पण त्याच्या आड काही लपलेले नाही. माल समोर आहे, गिऱ्हाइकाला उलट बोलता येते, आणि पातेल्याला खरोखरच पोचा आला तर पुढल्या बाजारी तोच मनुष्य त्याच जागी सापडतो. हसू येथे दोघांचे असते.

पुण्यातील दुकानांच्या पाट्यांचा विनोद याच्या अगदी उलट्या वळणाचा. तो गिऱ्हाइकाला बोलावीत नाही, झापतो. तरीही गिऱ्हाईक जाते, कारण पाटीवरचा तिरकसपणा मालाविषयी काही खोटे सांगत नाही. अर्थात ही चैन मालाची टंचाई असलेल्यांनाच परवडते!

प्रश्न सुरू होतो तो माल समोर नसतो तेव्हा; आणि माल समोर असूनही त्याचा गुण डोळ्यांना दिसत नसतो तेव्हा तर अधिकच. लोखंडी नांगराचा इतिहास येथे आठवावा. 1903 च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावी नांगर तयार केले, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर कितीतरी दिवस पडून राहिले. ही समजूत हास्यास्पद ठरविणे सोपे होते. पण ज्याच्याजवळ एकच जमीन आहे त्याने तिच्याविषयी भीती बाळगणे हास्यास्पद नसते. नांगर खपू लागला तो शेतात चालून दाखविल्यावर. पुढे 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याच्या मालाची माहिती गावोगाव पोचविण्यासाठी. ते स्वतः चित्रकार होते, व्यंगचित्रे काढीत. त्या खबरेतून मराठीतील एक महत्त्वाचे मासिक वाढले. विक्रीसाठी लिहिलेला मजकूर वाचकाला शहाणा समजून लिहिता येतो, हे त्यांनी दाखविले. मात्र विनोद पुढे आला तो नांगराची परीक्षा झाल्यानंतर. हा क्रम विसरण्याजोगा नाही.

नंतरच्या काळात जाहिरात बाजारातून निघून हवेत गेली. 1967 साली विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, 1976 च्या जानेवारीपासून दूरदर्शनवर. आता गिऱ्हाइकाला उलट बोलण्याची सोय उरली नाही. या काळात देशाच्या स्मरणात राहिलेल्या विनोदी जाहिरातींकडे पाहिले तर एक गोष्ट नजरेत भरते, आणि ती समाजवादी मंडळींनी पुरेशी ध्यानात घेतलेली नाही. त्यांपैकी दोन अत्यंत गाजलेल्या जाहिराती नफेखोर कंपन्यांच्या नव्हत्याच. एक अमूलच्या लोण्याची, दुसरी लिज्जत पापडाची. अमूल ही खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांच्या 1946 सालच्या सहकारी संघातून वाढलेली संस्था. लिज्जतचा आरंभ 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन केला, आणि तेथे पापड लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक मानली जाते.

लिज्जतच्या जाहिरातीत रामदास पाध्ये यांचा बोलका ससा पापड कुरकुरीत चावतो आणि खिदळतो. एवढेच. त्यात शेजारणीला खिजविणे नाही, सुनेला घालूनपाडून बोलणे नाही, काळ्या रंगाची थट्टा नाही. ज्या काळात साबणापासून मसाल्यापर्यंत कितीतरी जाहिराती बाईच्या अंगावर हसत होत्या, त्या काळात बायकांच्या संस्थेने सशाला हसायला लावले, ही साधी गोष्ट नव्हे. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधील मुलगी 1966 पासून फलकांवर आहे. सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांनी तिच्या तोंडी रोजच्या घडामोडींवरील कोट्या घातल्या. आणीबाणीत नसबंदीची सक्ती चालू असताना या मुलीने परिचारिकेच्या वेषात लोण्याचा तबक धरून, सक्तीचे 'स्टरिलायझेशन' तर अमूल पहिल्यापासूनच करीत आले आहे, अशा अर्थाची कोटी केली. वृत्तपत्रांवर अभ्यवेक्षणाचा चरक फिरत असताना लोण्याच्या फलकाने एवढे बोलावे, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. जाहिरात विनोदी होती म्हणून लोणी गरिबाच्या भाकरीवर आले नाही, हेही त्याच वहीत नोंदवावे.

त्या कोटीची दुसरी बाजू मराठी माणसाने पाहिली पाहिजे. इंग्रजीत जंतू मारणे आणि नसबंदी या दोहोंना एकच शब्द आहे, म्हणून ती कोटी उभी राहिली. मराठीत एक निर्जंतुकीकरण आणि दुसरी नसबंदी. कोटी जागच्या जागी कोसळते. मुंबईच्या कचेऱ्यांत इंग्रजीत किंवा हिंदीत सुचलेल्या जाहिराती मराठीत आणताना बहुधा असेच होते. शब्द येतात, हसू येत नाही. मग ते हसू दुसरीकडून आणले जाते: गावंढळ बोली, फेट्याचा अवाजवी आकार, ढेरपोट्या पाटील, भोळा शेतकरी. खेड्यातील मनुष्य बोलतो तसे बोलणे हेच विनोदाचे साहित्य होऊन बसते, आणि त्याच मनुष्याला त्यावर हसून माल घ्यावा, अशी अपेक्षा असते. अळी जितकी विनोदी, तितकाच शेतकरीही विनोदी. हुशार असतो तो फक्त डबा.

आता बियाण्याकडे यावे, कारण जालना जिल्ह्यात या विषयाचे मर्म तेथे आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको स्थापन केली, आणि पुढे जालना हे नाव देशभर बियाण्यांशी जोडले गेले. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. पुढील काही वर्षांत शेकडो वाण बाजारात आले. नावे निराळी, पिशव्या निराळ्या, आतील जनुक मात्र बहुतेकांत तेच. 2016 पासून या पिशवीची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. म्हणजे जनुक सारखे, किमतीला मर्यादा सारखीच, आणि दाणा हातात घेऊन पाहिला तरी काहीच कळत नाही. मग एका पिशवीने दुसरीहून निराळे दिसायचे कशाने? नावाने, चित्राने, यमकाने आणि हशाने. वाणावाणांत फरक नसतो असे नव्हे. कोरडवाहू जमिनीला कोणता, पाण्याखाली कोणता, वेचणीला लवकर येणारा कोणता, हे फरक फार मोलाचे आहेत. पण तेच फलकावर सापडत नाहीत.

विनोद तेथे दोन कामे करतो. तो लक्ष वेधतो, आणि लक्ष वेधल्यावर ते हलवितो. पहिल्या कामाबद्दल तक्रार नाही. दुसरे काम घातक आहे. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशी पोखरली. जी अळी बीटीला दाद देणार नाही ती विनोदी नव्हती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर कायद्याने एक तिरपा चौकोन छापलेला असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ज्या पिढीने कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण सुखी संसाराची खूण म्हणून पाहिला, तिला डब्यावरील हा दुसरा लाल त्रिकोण कोणी समजावून सांगितला? पळणाऱ्या अळीचे चित्र हातभर असते आणि हा त्रिकोण बोटभर. हसू मोठ्या टाइपात असते, विष बारीक टाइपात.

कायदा विनोदाकडे कसा पाहतो, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असले पाहिजे. विक्रेता थोडी फुशारकी मारणारच, ऐकणाऱ्याने ती अक्षरशः घेऊ नये, असे न्यायालये बऱ्याच काळापासून मानीत आली आहेत. परंतु ही सवलत अमर्याद नाही. इंग्लंडमध्ये एका कंपनीने धुराच्या गोळ्याची जाहिरात केली: दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरूनही फ्लू झाला तर 100 पौंड देऊ, आणि सचोटीची खूण म्हणून 1,000 पौंड बँकेत ठेवले आहेत. एका बाईने तो वापरला, तिला फ्लू झाला, तिने पैसे मागितले. ती नुसती फुशारकी होती, असे कंपनीचे म्हणणे. 1892 साली न्यायालयाने ते फेटाळले. बँकेत पैसे ठेवल्याचे सांगणारा थट्टा करीत नसतो. शंभर वर्षांनी अमेरिकेत उलटे घडले. पेप्सीच्या 1996 सालच्या जाहिरातीत 70 लाख गुणांना लढाऊ जेट विमान असे दाखविले होते. एका तरुणाने गुण विकत घेण्यासाठी सुमारे 7 लाख डॉलरचा धनादेशच पाठविला. 1999 साली न्यायालयाने सांगितले की शहाणा मनुष्य ही थट्टा आहे हे ओळखील. निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. विमानाचा दावा विनोदी आहे हे शाळकरी मुलालाही कळते. पण एकरी उतारा इतका येईल, ही थट्टा की हमी? ते ऐकणाऱ्याने कशावरून ओळखावे? ज्या दाव्याची परीक्षा पीक उभे राहिल्यावाचून होत नाही तो थट्टेच्या आवरणात घालणे, म्हणजे यश आले तर श्रेय घ्यायचे आणि बुडाले तर गंमत होती म्हणायचे, अशी दुहेरी सोय करून ठेवणे होय.

सुदैवाने या देशात शेतकरी अगदीच निराधार नाही. 1966 च्या बियाणे कायद्यानुसार पिशवीवर उगवणशक्ती, शुद्धता आणि मुदत लिहिणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते. उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर विकतो ते सत्यप्रत बियाणे. त्याला हिरवट चिठ्ठी. सत्यप्रत! बियाण्याच्या साऱ्या व्यवहारात एवढा गंभीर शब्द दुसरा नाही, आणि तोच कोणी वाचत नाही. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. पण दाद मागायला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे पावती, रिकामी पिशवी, तिच्यावरील चिठ्ठी आणि शक्य तर मूठभर शिल्लक बी. चूल पेटविताना पिशवी जळते तेव्हा दावाही जळतो.

कार्यकर्त्याचे काम येथून सुरू होते, आणि ते रडक्या पत्रकांनी होणार नाही. फलक हसवीत असताना पत्रक उपदेश करू लागले तर बाजारातला मनुष्य त्यात शेंगदाणे बांधून घेईल. सेवा दलाच्या कलापथकाने हे कधीच ओळखले होते. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळी त्या कलापथकात तयार झाली. पु. ल. देशपांडे यांनी कलापथकासाठी लिहिलेल्या वगाचे नावच 'पुढारी पाहिजे' होते. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीचा मथळा उचलून त्यांनी तो पुढाऱ्यांच्या बाजारावर उलटविला. जाहिरातीला जाहिरातीच्याच बोलीत उत्तर देता येते, ते असे.

खरिपापूर्वीच्या आठवडी बाजारांसाठी त्या धर्तीचे एकपानी पत्रक काढावे. वर मिशीवाल्या शेतकऱ्याचेच चित्र असावे, पण त्याने बोंड टाकून हातात भिंग धरलेले असावे. मथळा गावातील तरुणांनी इथल्या बोलीत लिहावा. शहरातून लिहून आणू नये. मागील बाजूस निळी आणि हिरवी चिठ्ठी, डब्यावरील चारही रंगांचे त्रिकोण, तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज कसा करावा याच्या चार ओळी, आणि खाली पावती टाचण्यासाठी कोरी जागा.