काखडीचे शेत
(वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



इतिहासावर बोला, असे मंडळाने सांगितले. लढाई म्हटली की मुले सावरून बसतात, म्हणून लढाईच घेतो. सुमारे १९०० वर्षांपूर्वी सातवाहन आणि क्षहरात ही दोन राज्ये आपल्या मुलखासाठी झुंजली. मूळ भांडण व्यापाराचे. भडोच बंदर क्षहरातांचे. कल्याणला चुकून आलेली ग्रीक गलबतेसुद्धा पहाऱ्यात भडोचला नेत, असे त्या काळच्या एका ग्रीक पुस्तकात आहे.

क्षहरात राजा नहपान, त्याचा जावई उषवदात. जावयाने नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात भिक्खूंसाठी लेणे कोरविले, आजचे क्रमांक १० चे. तिथल्या लेखात त्याने फुकट नावा ठेवलेल्या नद्यांची नावे आहेत. त्यात तापी आहे. हो, आपल्या प्रकाशाची तापी!

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का ठोकलेला. म्हणजे नाणे तेच, फक्त मालक बदलला.

इथवर बहुतेकांनी ऐकलेले असते. मला सांगायचे आहे ते एका शेताचे. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राचा हुकूम कोरला आहे. राज्याचे १८ वे वर्ष, हुकूम विजयी छावणीतून निघालेला. काखडी गावातले, तोवर उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना दिले. (निवर्तन हे जमिनीचे जुने माप.) त्या शेतात सरकारी माणसाने शिरायचे नाही, मीठ खणायचे नाही, अशी सवलतही दिली. शत्रूने ज्या संघाला दान दिले, त्याच संघाला जिंकणाऱ्यानेही दिले. ऐकायला छान वाटते.

पण त्याच भिंतीवर, पहिल्या लेखाला लागूनच, २४ व्या वर्षाचा दुसरा हुकूम आहे. राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने, गोवर्धनचा अमात्य श्यामक याला. त्यात कबूल केले आहे की दिलेले शेत कसले जात नाही आणि गावात वस्ती नाही. कारण लिहिलेले नाही. मला विचाराल तर फौजा ज्या वाटेने येतात-जातात, तिथला कुणबी बैल सोडून आधी पोरेबाळे घेऊन निघतो. दुष्काळही असेल. पण नुकतीच लढाई झालेला मुलूख आहे हा, हे विसरून कसे चालेल?

मग राजाने नगराच्या हद्दीवरच्या आपल्या खासगी गावातले शेत दिले, १०० निवर्तने. आधीच्या निम्मे. काखडीची माणसे कुठे गेली, ते कुणी कोरून ठेवले नाही.

नाशिकला गेलात तर तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत छताखालच्या भिंतीकडे पाहा. दोन्ही लेख तिथेच आहेत. मुलांना उचलून दाखवा, अक्षरे उंचावर आहेत.