जुन्या घराच्या खिडक्या बदलताना

(तालुक्यातील सरपंच, ग्रामसेवक व शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



घराची खिडकी हा का मेळाव्यात बोलण्याचा विषय, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु जुन्या वाड्याचा चेहरामोहरा पालटू लागतो तो बहुधा खिडकीपासूनच, हे गावातून एक फेरी मारली तरी ध्यानात येईल.

पुण्यातील विश्रामबागवाडा आपण पाहिला असेल. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या या वाड्याची ओळख म्हणजे त्याच्या दर्शनी भागाचे कोरीव लाकूडकाम. अशा थोर वास्तूंच्या रक्षणासाठी राज्याने १९६० साली प्राचीन स्मारकांविषयीचा अधिनियम केला. मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंची नियमावली आली. मात्र गावोगावचे शेकडो साधे वाडे कोणत्याही यादीत नाहीत. त्यांची राखण घरमालकाच्या आणि गावच्या सुताराच्याच हाती आहे.

या वाड्यांची रचना विचारपूर्वक झालेली असते. रस्त्याकडील तळमजल्याच्या खिडक्या लहान व गजांच्या, तर चौकाकडील मोकळ्या. त्यामुळे चोराचिलटाचे भय कमी, आणि हवा व उजेड चौकातून. जाड भिंतीत खिडकी आत बसवल्याने ऊन आणि पावसाची झड दोन्ही अडतात.

हे मला उशिरा कळले. आजोळच्या वाड्यातील माडीची सागवानी खिडकी खालून कुजली, म्हणून मीच ती काढवून तेथे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवून घेतली. दोन तावदानांची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. उन्हाळ्यात माडीवर बसवेना. पुढे एका सुतारमामांनी जुनी चौकट तपासून सांगितले, “कुजले आहे ते खालचे वीतभर लाकूड. बाकी चौकट अजून दोन पिढ्या टिकली असती.” तोवर तिच्या झडपा बंबात जळून गेल्या होत्या.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, खिडकी काढण्यापूर्वी ती सुतारास दाखवावी. कुजका भाग कापून तेथे मुरलेल्या सागवानाचा तुकडा सांधता येतो. बिजागऱ्या व गज खरवडून पुन्हा रंगवता येतात. चुन्यात बांधलेल्या भिंतीत चौकटीभोवती सिमेंट थापू नये. त्याने ओल कोंडते आणि लाकूड पुन्हा कुजते. तेथे चुनाच वापरावा. वरून गळणारे पाणी आधी थांबवावे, अन्यथा नवी खिडकीही त्याच वाटेने जाईल.

बदलणे अटळच असेल, तर भिंतीतील मूळ जागेची लांबीरुंदी कायम ठेवावी. झडपांची संख्या, गजांची रांग आणि भिंतीतील खोली जुन्याप्रमाणेच राखावी. डासांसाठी जाळी हवी असल्यास ती आतील बाजूने, काढता येईल अशी बसवावी.

ग्रामपंचायतीने जुन्या चावडीच्या वा शाळेच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक करण्यापूर्वी प्रत्येक खिडकीचे छायाचित्र व मोजमाप घेऊन ठेवावे. शिक्षकांनी हे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास त्यांनाही आपल्या गावची बांधणी समजेल.

जुने ते सर्वच राखावे, असा माझा आग्रह नाही. परंतु जे दुरुस्त होण्याजोगे आहे, ते केवळ घाईपायी जळणात जाऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.