हिशेबाच्या वहीतला पूर्वज



स्कॉटिश पूर्वज म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चौकड्यांचं कापड, किल्ला आणि क्लॅनचं, म्हणजे तिथल्या गोताचं, निशाण येतं. एडिंबरोच्या दुकानात आडनाव सांगितलं की त्या आडनावाची चौकडी काढून देतात. हा थाट फारसा जुना नाही. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, त्याच्या स्वागताची मांडणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने केली आणि डोंगरी मुलखातला पोशाख साऱ्या देशाच्या अंगावर चढला. सखल भागातल्या शेतकऱ्याचा किंवा विणकराचा क्लॅनशी संबंध क्वचितच असे. कॅनडाहून, न्यूझीलंडहून खापरपणजोबाला शोधत येणाऱ्याला किल्ल्याच्या दारात म्हणूनच काही मिळत नाही. त्याचे प्रश्न दोनच असतात. पूर्वज राहत कुठे होता आणि त्याला पुरलं कुठे?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं स्कॉटलंडमध्ये पैशाच्या हिशेबात सापडतात, असं माझं मत आहे. कर कोणी भरला, खंड कोणी थकवला, प्रेतावर घालायची चादर कोणी भाड्याने नेली, यातून माणूस सापडतो. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आजोबांची सही पाहून आपला गळा दाटून येतो खरा, पण ती वही यजमान कोणाचा आणि दक्षिणा कोणाची, हे ठरवण्यासाठीच जपलेली असते.

जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून सक्तीची झाली. पूर्वज नेमका त्या वर्षी वारला असेल तर वंशजाने त्याचे आभार मानावेत. मयताचा जन्म कुठला, आईबाप कोण, जोडीदार कोण, मुलं किती, त्यांची वयं काय, पुरलं कुठे, इतकं सगळं त्या वर्षी लिहून घेतलं. ही माहिती गोळा करणं इतकं जड गेलं की पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. दफनाची जागा मात्र १८६० पर्यंत लिहीत होते. १८६१ पासून तो रकानाही गेला. तरी मयताच्या आईचं माहेरचं आडनाव राहिलं, आणि हे फार मोलाचं आहे, कारण लग्नानंतरही स्कॉटिश बाईचं माहेरचं आडनाव कागदावर आणि थडग्यावर टिकतं.

१८५५ च्या मागे गेलं की भिस्त पॅरिशवर. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला मुलूख. अशा सुमारे ९०० पॅरिशांच्या वह्या आहेत. पर्थशरमधल्या एरलची वही सर्वांत जुनी, १५५३ ची. बाप्तिस्मे आणि लग्नं बऱ्यापैकी मिळतात, दफनांच्या बाबतीत मात्र निराशा होते. अनेक ठिकाणी दफनाची वहीच नाही. असते ती मॉर्टक्लॉथच्या भाड्याची वही. मॉर्टक्लॉथ ही प्रेतावर किंवा शवपेटीवर पांघरायची चादर, बहुधा काळ्या मखमलीची. ती चर्चच्या पंचांच्या ताब्यात असे आणि तिच्या भाड्यातून गरिबांच्या फंडाला पैसे मिळत. मयताचं नाव कुठेच नसलं तरी ‘अमक्याच्या बायकोसाठी चादर’ एवढी ओळ मिळते, आणि संशोधक तीच दफनाची तारीख धरून चालतो. त्यात १७८३ साली सरकारने बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला. तो १७९४ पर्यंत चालला. त्या काळात पुष्कळ माणसं जन्मली, मेली आणि वहीत आलीच नाहीत.

आता एक घराणं पाहू. ज्याच्या जन्मदिवशी जगभरचे स्कॉटिश लोक एकत्र जेवायला बसतात, त्या रॉबर्ट बर्न्स या कवीचं. तो २५ जानेवारी १७५९ रोजी नैऋत्येकडच्या एअरशरमध्ये अ‍ॅलोवे इथे जन्मला. वडील विल्यम यांनी १७५७ मध्ये स्वतःच्या हातांनी बांधलेल्या मातीच्या घरात. पण घराणं तिथलं नव्हे. विल्यम आले ईशान्येकडून, किंकार्डिनशरमधल्या क्लॉकनाहिल या शेतावरून. तिथली शेती बुडाली तेव्हा ते बाहेर पडले, एडिंबरोत बागकाम केलं आणि मग पश्चिमेला गेले. ‘बर्न्स’ हे नाव घेऊन ईशान्येकडच्या वह्या चाळणारा रिकाम्या हाताने परतेल. तिकडे ते बर्नेस. १७८६ मध्ये कवीने आणि त्याच्या भावाने हे छोटं स्पेलिंग कायम केलं. पणजोबा जेम्स आणि पणजी मार्गारेट ग्लेनबर्व्हीच्या चर्चच्या आवारात आहेत. पणजोबा ब्रॉलिनमुइर या शेताचे कूळ, आणि घर कळतं ते या शेतावरून.

विल्यमचं घर कोणतं म्हणावं? प्रवासी अ‍ॅलोवेची झोपडी पाहून परततात. कुटुंब १७६६ मध्ये माउंट ऑलिफंटच्या शेतावर गेलं आणि १७७७ मध्ये लॉकलीला. जमीन तिन्ही ठिकाणी दुसऱ्याची. लॉकलीत मालकाशी खंडावरून वाद पेटला, मालावर जप्ती आली, प्रकरण एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयात गेलं. जानेवारी १७८४ मध्ये निकाल विल्यमच्या बाजूने लागला. खर्चाने आणि क्षयाने खचलेला हा माणूस १३ फेब्रुवारीला गेला. मला हे दावे-जप्तीचे कागद जन्मस्थळाच्या झोपडीपेक्षा जास्त बोलके वाटतात. त्यांत तो माणूस भांडताना दिसतो.

विल्यमला अ‍ॅलोवेच्या पडक्या चर्चपाशी पुरलं. आज तिथे दिसतो तो दगड मूळचा नाही. मूळ दगड आठवण म्हणून टवके काढून नेणाऱ्यांनी संपवला. कवी स्वतः १७९६ मध्ये डमफ्रीजला वारला. त्याला आधी सेंट मायकेल चर्चच्या आवारात एका कोपऱ्यात साधी जागा मिळाली. वर्गणी जमून भव्य समाधी उभी राहिल्यावर त्याचे अवशेष उकरून तिथे नेले. तेव्हा ‘पुरलं कुठे’ याचं उत्तर एका माणसापुरतंही एक असेल असं नाही.

मरणापूर्वी काही दिवस बर्न्सने माँट्रोजच्या चुलतभावाकडे पत्राने दहा पौंड मागितले होते. त्या चुलतभावाचा नातू अलेक्झांडर बर्नेस सोळाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आला. पुढे बुखाऱ्याच्या प्रवासामुळे त्याचं नाव झालं आणि नोव्हेंबर १८४१ मध्ये काबूलमध्ये जमावाने त्याला ठार केलं. क्लॉकनाहिलच्या बुडालेल्या शेतीचा धागा असा आपल्या मुंबईपर्यंत येतो.

साध्या माणसाच्या थडग्याबद्दल मात्र फार आशा धरू नये. दफनाच्या जागेला तिकडे लेअर म्हणतात. लेअर विकत घेतलेल्याचं नाव रजिस्टरात येतं, त्यात कोण कोण पुरलं तेही येतं. पण दगड उभारायला वेगळे पैसे लागतात. ग्लासगोच्या नेक्रोपोलिस या दफनभूमीत सुमारे ५०,००० माणसं पुरली आहेत, आणि स्मारकं आहेत ३,५०० च्या आसपास.

घरासाठी १८५५ पासूनची मूल्यांकन पत्रकं आहेत. घराचा मालक कोण, कूळ कोण, राहतो कोण, भाडं किती, असा दरसालचा तपशील त्यांत येतो. शेताचं नाव मिळालं की नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने खुल्या केलेल्या जुन्या सर्व्हे नकाशांवर ते शोधायचं. एकाच नावाची शेतं अनेक असतात, म्हणून पॅरिश सोडायची नाही.

आणि ज्यांच्याकडे भाड्यालाही पैसे नव्हते ते? गंमत म्हणजे त्यांचीच चौकशी सर्वांत कसून झाली. १८४५ च्या कायद्याने गरिबांना मदत देणं पॅरिशच्या समितीवर आलं. मग प्रत्येक समितीला सिद्ध करायचं असे की ही विधवा आमची नव्हे, शेजारच्यांची. त्यासाठी ती कुठे जन्मली, नवरा कुठला, पाच वर्षं सलग कुठे राहिली, कोणत्या गल्लीत, हे सगळं विचारून लिहिलं जाई. ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीत असे अर्ज ढिगाने आहेत. एखाद्या लॉर्डच्या वंशावळीत आढळणार नाही इतकं खरं आयुष्य त्यांत आहे, विचारणाऱ्याचा हेतू खर्च टाळण्याचा असला तरी.

शेवटी मुंबईचं. गावच्या थडग्यावर आईबापांखाली मुंबईत वारलेल्या मुलाचं नाव कोरलेलं आढळतं. तो तिथे नसतो. इथल्या ख्रिस्ती दफनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत आणि मुंबई इलाख्याचा विभाग स्वतंत्र आहे. त्याच दप्तरात मेलेल्यांच्या मालमत्तेच्या याद्या आहेत. घोडा, खुर्च्या, चमचे, पुस्तकं, कोणतं सामान कितीला गेलं ते त्यांत लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा त्याच हिशेबात दफनाचा खर्चही वजा केलेला असतो.