रुमालाची जागा आणि राखीव जागा

(म्हसळा येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



म्हसळ्याच्या एसटी स्थानकात गाडी लागली की ती थांबते न थांबते तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या आणि पिशव्या आत पडू लागतात. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा कोणत्याही नियमपुस्तकात नसलेला नियम सारे प्रवासी निमूटपणे पाळतात. त्याच गाडीत काही आसनांवर अपंगांसाठी, महिलांसाठी जागा राखीव असल्याची अक्षरे रंगवलेली असतात. हा नियम शासनमान्य आहे. परंतु कुबडी घेतलेला प्रवासी चढला की त्या अक्षरांखाली बसलेला धडधाकट तरुण एकाएकी बाहेरचे डोंगर न्याहाळू लागतो.

रुमालाला मिळणारा मान पाटीला का मिळू नये? उत्तर कटू आहे. रुमालामागे भांडू शकणारा माणूस उभा असतो. पाटीमागे जो उभा असतो त्याच्या अंगी बहुधा भांडण्याचे बळ नसते, किंवा रोज रोज भांडून तो थकलेला असतो. म्हणजे समाज नियम पाळतो तो नियमाच्या न्याय्यतेमुळे नव्हे, समोरच्याच्या मनगटाकडे पाहून पाळतो. समतेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने या ठिकाणी क्षणभर थांबावयास हवे.

हा प्रश्न आता एसटीच्या आसनापुरता उरलेला नाही. खासगी वाहने वाढली, आणि जागेची ओढाताण रस्त्यावर आली. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगरकडे जाणाऱ्या सहलकरांच्या मोटारी सुट्टीच्या दिवशी याच गावातून जातात. दुसरीकडे, मागे दोन जादा चाके लावलेली स्कूटर चालवून कामाला जाणारे अपंग स्त्रीपुरुषही रस्त्यावर दिसू लागले आहेत. त्या स्कूटरने त्यांना स्वावलंबन दिले. पण कचेरीच्या दाराशी उतरण्याची जागाच दुसऱ्याच्या मोटारीने अडवली असेल, तर ते स्वावलंबन दहा पावलांवर संपते.

अपंगांच्या वाहनासाठी राखून ठेवलेली जागा दाराजवळ आणि इतर जागांपेक्षा रुंद का असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भारतातील मानकांप्रमाणे ती किमान ३.६ मीटर रुंद असावी लागते. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला मोटारीचे दार पुरते उघडावे लागते, खुर्ची शेजारी लावावी लागते आणि मग अंग उचलून तिच्यात सरकावे लागते. ही रिकामी दिसणारी जागा म्हणजे त्याची पायरी होय. ‘दोनच मिनिटे गाडी लावतो’ म्हणणारा माणूस दोन मिनिटे पायरी काढून नेत असतो.

ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे खासदार आल्फ मॉरिस यांनी मांडलेल्या खासगी विधेयकातून १९७० साली दीर्घकालीन रुग्ण व अपंगांसाठी कायदा झाला, आणि त्यानुसार १९७१ पासून अपंगांच्या वाहनांना नारिंगी बिल्ला मिळू लागला; २००० साली त्याची जागा निळ्या बिल्ल्याने घेतली. तेथील दुकानांच्या आवारात लहान मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांसाठीही जागा राखलेली आढळते. मात्र ती कायद्याने दिलेली नसते, दुकानदाराच्या सौजन्याने असते. हा भेद ध्यानात ठेवावा. अपंगांची जागा हा हक्क आहे. पालकांची जागा हा शिष्टाचार आहे. तान्हे मूल कडेवर घेतलेल्या आईची अडचण काही वर्षांत सरते, अपंगाची बहुधा जन्मभराची असते. म्हणून आईबापांनीही, आपली जागा भरलेली आहे या सबबीवर, अपंगाच्या जागेवर गाडी लावू नये. दोघांच्या गरजा एकत्र सांभाळता येतात याचे उदाहरण मुंबईच्या लोकलमध्ये आहे. तेथे अपंगांच्या डब्यात गरोदर स्त्रिया आणि कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो.

आपल्या देशात १९९५ च्या कायद्याने सात प्रकारचे अपंगत्व मानले होते. २०१६ च्या कायद्याने ही संख्या एकवीस केली. बसथांबे आणि रेल्वेस्थानके येथील वाहनतळ अपंगांना वापरता यावेत, ही जबाबदारीही त्या कायद्याने शासनावर टाकली. एकवीस प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मनोविकार हेही आहेत. यांतले काही डोळ्यांना दिसत नाहीत. तेव्हा राखीव आसनावर बसलेल्या तरुणीला ‘तुला काय झाले आहे?’ असे चारचौघांत दरडावणे हीसुद्धा असभ्यताच. ओळखपत्र तपासणे हे वाहकाचे काम आहे. सहप्रवाशाने पंच होऊ नये. त्याने एवढेच पाहावे की, आपण स्वतः कोणाच्या जागेवर तर बसलो नाही ना.

गेल्या दहा वर्षांत सरकारी कागदांतून ‘अपंग’ हा शब्द जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला. शब्द बदलण्यास खर्च येत नाही. उतरंड बांधण्यास, वाहनतळावर रेघा आखण्यास आणि त्या रेघा मोकळ्या ठेवण्यास येतो. यातला पहिला खर्च शासनाचा. शेवटचा मात्र नागरिकाच्या स्वभावाचा आहे, आणि त्यासाठी अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागत नाही.

कार्यकर्त्यांपुरते बोलायचे तर रीत सोपी आहे. राखीव आसनावर बसावे लागले तर प्रत्येक थांब्यावर दाराकडे लक्ष असावे, आणि मागण्यापूर्वी उठावे. मागून मिळालेली जागा ही भिक्षा वाटते. न मागता मिळाली तर तो हक्क राहतो. उठल्यावर उपकाराचे हसू नको. सभेच्या दिवशी झेंडा लावलेली जीप सभागृहाच्या उतरंडीसमोर उभी करू नये. चळवळीच्या घाईला रस्त्यावर वेगळा कायदा नसतो. ज्या सभेत चाकाची खुर्ची शिरू शकत नाही, त्या सभेने समतेचा ठराव करण्यापूर्वी आपले दार मोजावे.

ठराव आणि व्यवहार यांतील अंतर या जिल्ह्याला नवे नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले. ते दुःख आणि हे दुःख यांची तुलना करण्याचे कारण नाही; पण महाडचा धडा येथेही लागू पडतो. कागदावर खुली झालेली जागा माणसे प्रत्यक्ष खुली करीपर्यंत बंदच असते.

त्या काळी जागा खुली करण्यासाठी ज्यांची ती अडवली होती त्यांनाच चालून जावे लागले. ज्यांना चालताच येत नाही त्यांच्यावर तरी ही पाळी येऊ नये. अडवणाऱ्यानेच उठावे, गाडी काढावी आणि पाटीला रुमालाइतका तरी मान द्यावा.